विमानाचा कडता

“डिझेल बसवलं तर कुणीतरी उतरावं लागेल,” सय्यदभाई म्हणाले.

बैठक हँगरमध्ये भरली होती. बैठक म्हणजे चार प्लास्टिकच्या खुर्च्या, एक पाण्याचा जार आणि शेजारी आमचं एकुलतं एक विमान. दोन आसनांचं, पांढरं, कडेला निळा पट्टा. इंधनाअभावी ते इतके दिवस जागेवर उभं होतं, की एका चिमणीनं त्याच्या पंखाच्या फटीत घर केलं होतं. त्या हिवाळ्यात आमच्या क्लबात नियमित उडणारी तेवढीच.

बोरदऱ्याचा हा फ्लाइंग क्लब दौलतशेठ भंगाळे यांचा. त्यांची जिनिंग फॅक्टरी, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना, धावपट्टीच्या भिंतीला लागूनच होती. जन्मभर कापूस तोलून झाल्यावर शेठना आणखी काहीतरी हलकं करावंसं वाटलं आणि त्यांनी विमान घेतलं. दुसऱ्या खुर्चीवर कॅप्टन सरनोबत, आमचे शिक्षक. मूळचे कोल्हापूरचे आणि अंगानंही तिथलेच. तिसऱ्या खुर्चीवर सय्यदभाई, क्लबचे इंजिनिअर. त्यांची सही झाल्याशिवाय विमानाचं दार उघडत नसे. चौथा मी, प्रफुल्ल बाविस्कर, विद्यार्थी प्रतिनिधी. म्हणजे पाण्याचा जार मी आणला होता.

त्या बैठकीत सगळ्यात जास्त अडकलेलं माझंच होतं. वैमानिकाच्या परवान्यासाठीच्या लेखी परीक्षा मी सगळ्या पास झालो होतो, पण त्या निकालांना मुदत असते आणि माझी मुदत मे महिन्याच्या अखेरीला संपत होती. त्याआधी उड्डाणाचे उरलेले तास आणि कॅप्टनना शेजारी बसवून एक लांब पल्ल्याची चाचणी, एवढं व्हायला हवं होतं. नाही झालं तर सगळे पेपर पहिल्यापासून. घरी आईनं गल्लीत ‘आमचा प्रफुल्ल पायलट आहे’ असं सांगून टाकलं होतं. आता गल्लीतले लोक मला बसस्टँडवर बघितलं की विचारायचे, “बसनं?”

“उतरावं लागेल म्हणजे?” शेठनी विचारलं.

“डिझेल इंजिन जड असतं, शेठ. आतला दाब जास्त, म्हणून धातू जास्त. त्यात पाणी, रेडिएटर, गिअरबॉक्स. वीस-पंचवीस किलो वाढले समजा. विमानानं जास्तीत जास्त किती वजन घेऊन उडायचं ते ठरलेलं आहे, ते आपल्याला वाढवता येत नाही. मग हे वीस-पंचवीस किलो काढायचे कुठून?”

“आणि पेट्रोलचं इंजिन हलकं आहे म्हणून इथंच उभं आहे,” कॅप्टन म्हणाले. “सय्यदभाई, तुमचं इंजिन गुणाचं आहे. फक्त त्याला प्यायला मिळत नाही.”

हे खरं होतं. लहान विमानाचं पेट्रोल गाडीच्या पंपावर मिळत नाही. ते ड्रममध्ये भरून मुंबईहून ट्रकनं यायचं, म्हणजे यायचं नाही. आम्ही विद्यार्थी कागदोपत्री वैमानिक होणार होतो. प्रत्यक्षात आम्ही निंबाखाली बसून ट्रकची वाट बघायला शिकलो होतो, आणि त्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता.

“डिझेलचं इंजिन मोठ्या विमानांच्या इंधनावर चालतं,” कॅप्टन पुढे म्हणाले. “रॉकेलच्या जातीचं. कुठल्याही मोठ्या विमानतळावर मिळतं. पेट्रोल तासाला पंचवीस लिटर पितं, हे पंधरा-सोळात भागवतं. उन्हाळ्यात हवा पातळ झाली तरी टर्बो आहे, दम कमी होत नाही. एकच दांडा पुढे ढकलायचा. हवा किती, पेट्रोल किती, ही पोरांची कटकट संपली.”

“पोरांना ती कटकट आलीच पाहिजे,” सय्यदभाई म्हणाले. “आणि त्या एका दांड्याच्या मागे कॉम्प्युटर आहे. त्याची वीज गेली की इंजिन गेलं. माझं इंजिन बॅटरी मेली तरी चालतं. माझं इंजिन मी दहा वेळा उघडून दहा वेळा नवं करीन. ते डिझेल ठरलेले तास झाले की उचलून टाकायचं आणि दुसरं आणायचं. इंजिन आहे का चहाचा कागदी कप?”

शेठ दोघांकडे आळीपाळीनं बघत होते. त्यांच्याकडे दोन जीप, सहा पंप आणि एक जुना ट्रॅक्टर, सगळं डिझेलचं. “हँडल मारावं लागतं का त्याला?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“धूर?”

“नाही शेठ.”

“मग डिझेल कसलं भो ते?” शेठ खट्टू झाले, पण पंधरा लिटर त्यांच्या मनात बसलं होतं. “बरं. वजनाचं सांगा. कमी काय होऊ शकतं?”

सय्यदभाईंनी बोटांवर मोजलं. “डिझेल कमी पितं, त्यात पंधरा-सतरा किलो सुटतील. बाकीच्यासाठी विमान कमी होत नाही. इंधन आणखी कमी केलं तर लांब जाता येत नाही. विद्यार्थी,” त्यांनी माझ्याकडे बघितलं, “ह्याच्यात काढण्यासारखं काही नाही.”

मग आम्ही तिघंही हळूहळू कॅप्टनकडे बघायला लागलो. कॅप्टन सरनोबतांचं वजन एकशे पाच होतं आणि समोरच्या बिस्किटाच्या पुड्यातलं शेवटचं बिस्किट त्यांच्या हातात होतं.

शेठनी खांद्यावरचं उपरणं काढलं, कॅप्टनच्या उजव्या हातावर टाकलं आणि त्याखाली स्वतःचा हात घातला. जुन्या बाजारात सौदा असाच होतो. कापडाखाली बोटं दाबून भाव सांगायचा, समोरच्यानं दाबून उत्तर द्यायचं, चारचौघांना कळू द्यायचं नाही. कॅप्टनना यातलं काहीच माहीत नव्हतं. हातात हात आला की दाबायचा, एवढंच तालमीच्या गावात शिकवतात. त्यांनी दाबला.

शेठनी चमकून उपरणं बाजूला केलं. “सात? मी तर पाच म्हणालो होतो.”

“सात काय?” कॅप्टननी विचारलं.

“सात किलो. तुम्ही कमी करून राहिले ना.” शेठ उठलेसुद्धा. “माणूस दिलदार आहे. मागवा डिझेल.”

सय्यदभाईंनी पाण्याचा ग्लास संपवला आणि विमानाच्या नाकावर हलकेच थोपटलं, हॉस्टेलला निघालेल्या पोरासारखं.

इंजिन यायला आणि बसायला एप्रिल उजाडला. तोवर कॅप्टन कमी होत होते. सकाळी धावपट्टीवर धावायचे, दुपारी काकडी, संध्याकाळी मूग. शब्द दिला होता. तो नकळत दिला होता ही गोष्ट त्यांनी एकदाही काढली नाही. त्यांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या, हातचं जेवण वाया जाऊ नये म्हणून ते मला बोलवायचे आणि समोर बसवून त्यांच्या वाटचं खायला लावायचे. मी भरीत खायचो, ते बघायचे. “मीठ बरोबर आहे?” ते विचारायचे. “हो सर.” “शेंगदाणे?” “आहेत सर.” “सांग की जरा सविस्तर.” मी सविस्तर सांगायचो. जेवणाचं असं धावतं वर्णन मी आयुष्यात पुन्हा केलेलं नाही.

नवीन इंजिन बसल्यावर विमान पुन्हा तोलणं नियमानं भाग होतं. तीन चाकांखाली तीन काटे ठेवायचे आणि बेरीज करायची. ज्या कंपनीकडे त्यासाठीचे खास काटे होते, तिनं तारीख दिली जूनची.

“जूनमध्ये मी काय करू?” मी सय्यदभाईंना विचारलं.

“जूनमध्ये तू अभ्यास कर. पेपर पुन्हा असतील ना तुझे.”

असं ते चेहऱ्यावर काहीही न आणता बोलायचे. मी शेठकडे गेलो. शेठनी जिनिंगकडे बोट केलं. “काटे आहेत ना माझ्याकडे. तीन काय, आठ आहेत. यंदाचा सरकारी शिक्का आहे त्यांच्यावर. कापसाला चालतात, विमानाला काय झालं?”

सय्यदभाईंनी नियम तपासला. शिक्का ताजा होता, काटा बरोबर होता. नियमात कापसाविरुद्ध काही लिहिलेलं नव्हतं.

तर विमान भिंतीतल्या फाटकातून ढकलत जिनिंगच्या आवारात नेलं. कापसाच्या गठाणी उचलणारे हमाल बाजूला उभे राहिले. तीन काट्यांवर तीन चाकं चढली. काट्यांचा कारभार सुकलाल आप्पांकडे. शेठच्या वडिलांच्या वेळेपासून तोलणारे. दांडीवर वजन सरकवायचे, खाली वाकून बघायचे, मनात काहीतरी जुळवायचे आणि मोठ्यानं पुकारायचे. सय्यदभाई दांडी वाचायला पुढे झाले, तर आप्पांनी हात आडवा घातला.

“लांबून, भाऊ. काट्याजवळ परका माणूस नको.”

“मला आकडा बघायचाय.”

“मी आहे ना सांगाले.”

पहिल्या चाकाला आप्पांनी ‘लाभ’ पुकारलं. आमच्याकडे तोलताना मोजणी एकपासून नाही, लाभपासून सुरू होते. मग दुसरं चाक, मग पुढचं. सय्यदभाईंनी पुकारलेले आकडे लिहिले, बेरीज केली, पुन्हा केली आणि भुवया वर नेल्या.

“माझ्या अंदाजापेक्षा हलकं आलं.”

“बघा,” कॅप्टन म्हणाले.

“बघतोय,” सय्यदभाई म्हणाले आणि त्यांनी सही केली.

हिशेब असा लागला. विमान, मी, लांबच्या चाचणीचं इंधन, वर नियमानं ठेवायचं राखीव इंधन, आणि अठ्ठ्याण्णव किलोंचे कॅप्टन. एवढं घेतलं की मर्यादेच्या आत दोन किलो शिल्लक. कॅप्टन अठ्ठ्याण्णवचे झाले की मी पायलट.

मे महिन्यात मी एकटा उडालो. एकटा असलो की वजनाचा प्रश्न नव्हता. डिझेल खरंच छान चालायचं. एकच दांडा, एकसारखा आवाज, आणि तासाभरानं टाकीत बघावं तर पेट्रोलच्या सवयीनं वाटायचं, काटा बिघडलाय. खाली सय्यदभाई माझ्या उतरण्याची वाट बघत उभे असायचे. “आला का कॉम्प्युटर परत?” ते विचारायचे.

कॅप्टनसोबत मात्र विमान धावपट्टी जरा जास्तच खायचं. छोट्या फेरीला, अर्ध्या इंधनातसुद्धा. धावपट्टीच्या टोकाला जिनिंगला गेलेल्या विजेच्या तारा होत्या, आणि त्या तारांवरचे बगळे मला पूर्वीपेक्षा ओळखीचे वाटायला लागले होते.

“ऊन आहे,” कॅप्टन म्हणाले.

“टर्बो आहे ना सर?”

“टर्बो इंजिनाला आहे. पंखांना ऊन लागतंच की.”

हे शास्त्राला धरून होतं, म्हणून मी गप्प बसलो.

चाचणी ठरली. सकाळी उजाडताना निघायचं, अकोल्याला उतरायचं, परत यायचं. माझी मुदत संपायला तेव्हा दोनच दिवस उरले होते. मधे एकही सुट्टी नाही, वादळाचा इशारा नाही, इंधन भरलेलं. ट्रकची वाट बघायची नाही, हे मला पटतच नव्हतं. आदल्या दिवशी दुपारी कॅप्टन म्हणाले, “चल, शेवटचं तोलून येऊ. आपलं दोघांचं.”

जिनिंगमध्ये त्या वेळी शांतता होती, हंगाम संपलेला. सुकलाल आप्पा एका काट्याला तेल देत बसले होते. कॅप्टन चपला काढून काट्यावर चढले, देवळात चढावं तसे. आप्पांनी वजन सरकवलं, वाकून बघितलं, ओठ हलवले.

“अठ्ठ्याण्णव.”

कॅप्टन काट्यावरच उभे राहिले. मग खाली उतरून त्यांनी आप्पांशी हात मिळवला, माझ्याशी मिळवला, आणि तेल लागलेला हात तसाच घेऊन, “घरी सांगून येतो,” म्हणत निघून गेले. पाठमोरे जाताना पँट एका हातानं वर ओढत होते. पट्ट्याला नवीन भोक पाडायचं त्यांनी अठ्ठ्याण्णवपर्यंत राखून ठेवलं होतं.

मी सहज काट्यावर चढलो.

“सहासष्ट,” आप्पा म्हणाले.

मी उतरलो नाही. आठवड्यापूर्वीच डॉक्टरांच्या तपासणीत मी सदुसष्टच्या वर भरलो होतो. आणि त्यानंतर आठ दिवस मी कॅप्टनच्या वाटचं जेवत होतो. भरीत, पुरी, शेवभाजी, धावत्या वर्णनासकट. माणूस इतकं खाऊन कमी होत असेल, तर कॅप्टन तीन महिने काकडी का खात होते?

“आप्पा, पुन्हा बघा बरं.”

“सहासष्ट.”

“दांडी काय सांगते?”

“दांडी सदुसष्ट आन् वर थोडं सांगते.”

“मग सहासष्ट कुठून आलं?”

आप्पांनी माझ्याकडे दयेनं बघितलं. “कडता नाही का कापायचा? क्विंटलमागं दोन किलो.”

ज्यांना बाजार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. शेतमाल तोलताना त्यात ओल असेल, माती असेल, काडीकचरा असेल असं धरून व्यापारी वजनातून थोडं आधीच कापून ठेवतो. तो कडता. कायद्यात बसत नाही, तरी कुठल्या ना कुठल्या काट्यावर चालतो. आप्पांचा हात चाळीस-पन्नास वर्षं तो कापत आला होता. त्यांच्या तोंडून आकडा निघायचा तो कापूनच निघायचा.

“माणसाचा कडता?” मी विचारलं.

“माणसात बी वल असते ना, भाऊ. उन्हाळ्यात तर लई.”

मी काट्यावरून हळूच खाली उतरलो, जोरात उतरलो असतो तर काहीतरी पडलं असतं असं वाटून. “आप्पा, विमान तोललं तेव्हा?”

“तेव्हा काय?”

“कडता कापला होता?”

“मग? फुकट थोडंच तोललं. शेठचा माल आहे. शेठच्या मालात आपण चूक करत नाही.”

मी भिंतीच्या फाटकात बसून गणित केलं. ते करायला वेळ लागला नाही, कबूल करायला लागला. विमानातून अकरा किलो गायब होते. कॅप्टनमधून दोन. माझ्यातून एक आणि थोडं. म्हणजे उद्या सकाळी आम्ही कागदावर दोन किलो कमी आणि हवेत बारा किलो जास्त असणार होतो. तेवढं इंधन काढून टाकावं, तर बरोबर राखीव इंधनाएवढंच निघत होतं. म्हणजे जाता आलं असतं. पण अकोल्याच्या लहान धावपट्टीवर इंधन मिळत नव्हतं, आणि परत येण्याबद्दल नियमाचं वेगळं मत होतं.

मग मी सौदा सुरू केला, स्वतःशीच. बारा किलोंनी विमान पडतं का? नसेल पडत. कारखान्यानं मर्यादा ठरवताना थोडी जागा ठेवलीच असेल. कॅप्टनसोबत अर्ध्या टाकीनं उडालोच होतो की. पण तेव्हा टाकी अर्धी होती, आणि तरी बगळे ओळखीचे झाले होते. उद्या भरलेली असणार. कागदावर सगळं बसत होतं. सही होती, शिक्का होता. आप्पांना यात काही चुकलंय असं वाटत नव्हतं, ते पुन्हा काट्याला तेल द्यायला लागले होते. मी काही बोललो नाही तर कुणाला कळणार नव्हतं, आणि परवा मी पायलट झालो असतो.

मी अजून बारा किलोंवर होतो, खाली यायला तयार होतो. दहा म्हणालो, आठ म्हणालो. बाराच राहिले. सय्यदभाई बॅटरी आणायला जळगावला गेले होते, त्यामुळे माझ्याऐवजी चिडणारंही कुणी नव्हतं. मी एका दगडाला लाथ मारली. तो दगड नव्हता, दाबलेल्या सरकीची ढेप होती, फुटली.

मी कॅप्टनना सांगायचं ठरवलं ते काही शूर म्हणून नाही. त्या विमानात मीपण बसणार होतो.

संध्याकाळी मी त्यांच्या क्वार्टरवर गेलो. दार उघडंच होतं. आतून भरताचा वास आला. काकूंनी माझं ताट वाढून ठेवलं होतं आणि शेजारी कॅप्टनच्या ताटलीत काकडीच्या चकत्या होत्या. कॅप्टन खिळा तापवून पट्ट्याला भोक पाडत होते.

“ये, पायलट,” ते म्हणाले. “बस. आज भरीत आणि पुऱ्या. उद्या अकोल्यात उतरलो की मी पण काहीतरी खाणार. फक्त एक कचोरी. परतीला तेवढं इंधन कमी झालेलं असतं, मी हिशेब केलाय.”

“कधीपासून चाललंय कचोरीचं,” काकू आतून म्हणाल्या. “झोपेत बोलले काल.”

मी बसलो नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं. लाभपासून वलीपर्यंत. कॅप्टनचा हात खिळ्यावर थांबला. चामडं जळायला लागलं तेव्हा त्यांनी तो बाजूला ठेवला.

“म्हणजे मी अठ्ठ्याण्णव नाही?” त्यांनी विचारलं.

“शंभर, सर. जवळजवळ.”

“म्हणजे पाच उतरलो.”

“हो सर. शेठनी पाचच मागितले होते.”

ते कितीतरी वेळ पट्ट्याकडे बघत राहिले. विमानाबद्दल त्यांनी काही विचारलं नाही, ते त्यांना माझ्याआधीच कळलं होतं. “ऊन नव्हतं ते,” ते एवढंच म्हणाले. मग त्यांनी फोन उचलला. पलीकडे शेठ. शेठ फोनवर शेतात हाक मारावी तसं बोलत, त्यामुळे दोन्ही बाजू मला ऐकू येत होत्या.

“शेठ, उद्याचं उड्डाण रद्द. विमान पुन्हा तोलायचं. कडता न कापता.”

“अहो, न कापता कसं? सगळ्या मालात कापतात.”

“विमानात ओल नसते, शेठ.”

“पावसात उभं राहिलेलं आहे ना ते.”

“नाही कापायचा.”

“बरं, निम्मा कापू.”

“निम्मा पण नाही.”

“किलोभर तरी, कॅप्टन. आप्पाची बोहणी आहे, काटा रिकामा कसा सोडायचा?”

कॅप्टननी डोळे मिटले. “शेठ, त्या पोराचे पेपर परवा संपतायत. आणि तरी मी नाही म्हणतोय. यावरून काय ते समजा.”

 मग शेठ हळू आवाजात म्हणाले, “बरं भो.” त्या माणसाचा हळू आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

पुढचं थोडक्यात सांगतो. पुन्हा तोललं, सय्यदभाईंनी स्वतः दांडी वाचली, आणि ते अकरा किलो जिथल्या तिथे निघाले. त्या विमानात विद्यार्थी एकटा उडू शकत होता, शिक्षक एकटा उडू शकत होता, आणि दोघं मिळून अर्ध्या टाकीनं गावाभोवती नुसत्या घिरट्या घालू शकत होते. सय्यदभाईंनी कुणालाही ‘मी म्हणालो होतो’ असं म्हटलं नाही. स्वतःच्या सहीवर मात्र त्यांनी आडवी रेघ मारली, आणि रात्रभर ते ती सही बघत बसले होते असं मला नंतर कळलं. पावसाळ्यानंतर त्यांनी जुनं पेट्रोल इंजिन परत चढवलं आणि सगळे पुन्हा ट्रकची वाट बघायला लागले. माझे पेपर संपले. मी ते सगळे पुन्हा दिले. परवाना तीन वर्षांनी, दुसऱ्या राज्यातल्या क्लबातून मिळाला. तिथल्या परीक्षक बाई इतक्या हलक्या होत्या, की विमानाचा तोल साधायला मागे वाळूची पिशवी ठेवावी लागली. आता दीडशे माणसांचं विमान चालवतो. उड्डाणाआधी वजनाचा कागद येतो, सही करायला. माझी सही यायला वेळ लागतो, अशी आमच्याकडे तक्रार आहे.

पण हे सगळं पुढचं. त्या संध्याकाळी फोन ठेवल्यावर मला फक्त एवढं दिसत होतं, की मी परवा पायलट होणार नव्हतो, आणि हे आईला सांगायचं होतं, आणि कडता म्हणजे काय हेही तिला सांगायचं होतं. मला कुणावर तरी ओरडायचं होतं आणि ओरडण्यासारखं कुणी सापडत नव्हतं. आप्पांनी चोख काम केलं होतं. शेठनी काटे दिले होते. सय्यदभाईंनी सांगितलेलंच लिहिलं होतं. कॅप्टन तीन महिने काकडी खात होते. डिझेलमध्येही काही खोट नव्हती. सगळे आपापल्या जागी बरोबर होते आणि माझी दोन वर्षं गेली होती.

“सर, दुसरा काहीच मार्ग नाही?” मी विचारलं. मला उत्तर माहीत होतं. तरी एकदा कुणीतरी मोठ्यानं म्हणावं असं वाटत होतं.

 कॅप्टननी काकडीची ताटली बाजूला सारली, माझं ताट स्वतःपुढे ओढलं, पुरी मोडली, भरीत उचललं आणि खाल्लं. मग दुसरी पुरी. मग तिसरी. मी प्रत्येक पुरी जाताना बघत होतो. तिसऱ्या पुरीनंतर मला विचारण्यासारखं काही उरलं नाही.

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी एकदा ताटाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि काही न विचारता दुसरं ताट वाढून आणलं.

“बस,” कॅप्टन घास चावत म्हणाले.

“भूक नाही, सर.”

“बस रे. मीठ जरा कमी आहे.” त्यांनी नवं ताट माझ्यापुढे सरकवलं. “सावकाश खा. उद्या लवकर उठायचं नाही.”